टाकीवरचा निरोप्या

पारोळ्याच्या बाजारामागच्या गल्लीत चुडामण आबांच्या गच्चीवर बत्तीस फुटांचा लोखंडी खांब होता. तो कशासाठी आहे हे गल्लीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक खुद्द आबा आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई. दोघांची उत्तरं मात्र जुळत नव्हती. आबांच्या मते तो अँटेनाचा खांब होता. प्रमिलाबाईंच्या मते तो कावळ्यांसाठी होता, आणि कावळ्यांचा कौल त्यांच्या बाजूने होता.

आबा तारखात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी बोटांनी कट्ट-कडकट्ट केलं आणि त्या पस्तीस वर्षांत लोकांच्या मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. कुणाला मुलगा झाल्याची तार असो की कुणाचे वडील गेल्याची, आबांचा चेहरा दोन्हींना सारखाच. निवृत्तीनंतर बोटं शिवशिवायला लागली तेव्हा त्यांनी दिल्लीला अर्ज केला, परीक्षा दिली आणि हौशी रेडिओचा परवाना मिळवला.

या परवान्यावर माणसाला घरबसल्या दूरच्या माणसाशी बोलता येतं. फक्त धंद्याचं बोलायचं नाही, राजकारणाचं बोलायचं नाही आणि तिसऱ्या कुणाचा निरोप पोचवायचा नाही.

"मग उरलं काय?" प्रमिलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

उरलं ते आबा रोज संध्याकाळी सातला धुळ्याच्या भटू नानांशी बोलत. भटू नानांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि परवाना आबांसारखाच.

"नाना, तुमचा आवाज स्वच्छ येतोय. ओव्हर."

"आबा, तुमचाही स्वच्छ येतोय. ओव्हर."

असं सात वर्षं चाललं होतं. दोघांचाही आवाज कधी बिघडला नाही.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, आबांचा भाचा सिंगापूरहून एक हातात मावणारा सेट घेऊन आला. कस्टमच्या कागदांची जाडी सेटपेक्षा जास्त होती. या सेटला रेडिओलहरींचे दोन पट्टे होते, आणि त्याच्यात एक कसब होतं. एका पट्ट्यावर जे ऐकू येईल ते तो त्याच क्षणी दुसऱ्या पट्ट्यावर बोलून दाखवायचा, आणि तिकडचं उत्तर तसंच इकडे. उंच जागी ठेवून दिला की डोंगराच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाशी खुशाल बोलू शके.

माहितीपत्रक वाचताना आबांचे डोळे पाणावले. आयुष्यभर त्यांना असा तारबाबू व्हायचं होतं. हा पदरचं घालत नव्हता, गाळत नव्हता, सुटी मागत नव्हता आणि बढतीसाठी साहेबाच्या घरी केळी पोचवत नव्हता.

त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'दुपट्टी सेटचे व्यवहारातील उपयोग'. पहिला उपयोग लिहिला, बोरी नदीला पूर आल्यास. दुसरा, किल्ल्यात कुणी हरवल्यास. पारोळ्याचा किल्ला भर गावात आहे आणि त्यात हरवायचं तर माणसाला बरीच मेहनत घ्यावी लागते, पण आबांनी लिहून ठेवलं. तिसऱ्या उपयोगापाशी वही आठ दिवस अडली.

तेवढ्यात गल्लीत केबलवाला आला. त्याला डिश लावायला जागा हवी होती आणि सगळ्या गल्लीत उंच खांब एकच होता. खांब दिला तर कनेक्शन फुकट, असं तो म्हणाला. आबांनी नाही म्हटलं. प्रमिलाबाईंनी त्याला चहा दिला.

"आखाजीला तिन्ही लेकी माहेरी येतील," त्या आबांना म्हणाल्या. "चार दिवस काय बघतील? तुमचा स्वच्छ आवाज?"

"अहो, पण हा सेट उपयोगाचा आहे."

"मग तोवर एक उपयोग करून दाखवा. खरा, घरादाराला कळेल असा. नाहीतर आखाजीच्या आधी खांब त्याचा."

आबांनी वही मिटली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकरा दिवस उरले होते, आणि बोरीला अकरा दिवसांत पूर येईल अशी चिन्हं भर उन्हाळ्यात तरी दिसत नव्हती.

पूर आला नाही, लग्न आलं. आबांचा चुलतभाऊ अभिमन तीन कोसांवर बोरखेड्याला शेती करायचा, त्याच्या मुलीचं. वरपक्ष धुळ्याचा. नवऱ्या मुलाचे वडील यादवभाऊ हे भटू नानांचे शेजारी निघाले, म्हणजे वऱ्हाडात नाना असणारच. त्यात आणखी एक योग जुळून आला. त्याच दिवशी गावच्या शाळेत दुसरं लग्न होतं, म्हणून वऱ्हाडाला जानोसा, म्हणजे उतरायची जागा, टेकडीपलीकडच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये दिला होता. मांडव या बाजूला, नवरदेव त्या बाजूला, मधे टेकडी, आणि टेकडीवर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी.

आबांनी बातमी ऐकली आणि वही उघडून तिसरा उपयोग लिहिला. लग्न असल्यास.

इथे बोरखेड्याची रीत सांगायला हवी. नवरदेव आपण होऊन मांडवात येत नाही. मुलीकडच्यांनी बँड घेऊन, वाजतगाजत, जानोशावर मूळ, म्हणजे मानाचं बोलावणं, न्यायचं, मग तो घोड्यावर बसतो. आणि मुलीकडचे, वऱ्हाड तयार असल्याचं कळल्याशिवाय मूळ पाठवत नाहीत, कारण उन्हात ताटकळणं म्हणजे अपमान. वऱ्हाड म्हणतं, मूळ निघाल्याशिवाय तयार व्हायचं कशाला. अशा वेळी मधला निरोप न्यायला-आणायला गावात उखर्डू होता. साठीचा, काटकुळा, खांद्यावर कायम ओला गमछा. टेकडी ओलांडून जायला त्याला वीस मिनिटं लागत, यायला वीस. आजवर गावात सव्वाशे लग्नं त्याच्या पायांनी लागली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी आबांनी उखर्डूला बोलावलं.

"उखर्डू, आज तुला पळायचं काम नाही. आज निरोप हा नेईल," असं म्हणून त्यांनी सेट दाखवला.

उखर्डूने सेटकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मंग मी काय करू?"

"तू टाकीवर याच्याजवळ बस. माकडं येतात. आणि हे बघ, मागे हा खटका आहे. हा दाबला की बॅटरी निघून हातात येते. त्याला अजिबात हात लावायचा नाही."

"नही लावाव," उखर्डू म्हणाला, आणि आपल्या जागी आलेल्या डब्याची राखण करायला टेकडी चढून गेला. सेटच्या पोटातून दोन्हीकडचं बोलणं त्याला लख्ख ऐकू येणार होतं, ही गोष्ट आबांच्या ध्यानात आली नाही. तारबाबू मजकूर वाचतो आणि विसरतो. सगळं जग असंच करतं असा त्यांचा समज होता.

भटू नानांकडे दोन साधे सेट होते, एक या पट्ट्याचा, एक त्या पट्ट्याचा. त्यांनी एक आबांना दिला आणि दुसरा घेऊन ते जानोशाबाहेरच्या निंबाखाली उभे राहिले.

"नाना, तुमचा आवाज स्वच्छ येतोय. ओव्हर."

"आबा, तुमचा तर समोर उभे असल्यासारखा. ओव्हर."

मांडवातले लोक जमा झाले. प्रमिलाबाई बायकांत अक्षता कालवत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं. आबांना तेवढं पुरलं.

मुहूर्त बारा पस्तीसचा. साडेअकराला अभिमन आला. एरवी तो घरीदारी अहिराणी बोलायचा, पण व्याही धुळ्याचे म्हणून आज सकाळपासून पुस्तकी मराठी बोलत होता आणि त्यामुळे आधीच दमला होता.

"आबा, वरपक्षाला विचारावे, आपली तयारी झाली काय."

आबा थबकले. तिसऱ्या माणसाचा निरोप. दिल्लीचा नियम. त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्या अक्षता कालवत होत्या, पण हात थांबला होता. आबांच्या डोळ्यांपुढे गच्चीवरचा खांब आला, त्यावर भली मोठी पांढरी डिश दिसली. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम बाजूला ठेवला आणि बटण दाबलं.

"नाना, अभिमन विचारतोय, तयारी झाली का. ओव्हर."

तीन सेकंदांत उत्तर आलं. "आबा, यादवभाऊ म्हणतात, आम्ही नऊपासून तयार आहोत. चहा तेवढा गार आला. ओव्हर."

मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. तीन सेकंद. उखर्डू असता तर एव्हाना पहिल्या बाभळीपाशी असता.

अभिमनचं मात्र कौतुकाकडे लक्ष नव्हतं. "त्यांना सांगावे, चहा गरम होता. आपली माणसे उशिरा उठली."

आबांनी अक्षर न बदलता सांगितलं.

"आबा, यादवभाऊ म्हणतात, उशिरा उठले कारण रात्रभर झोप नाही. गाद्यांत ढेकूण. ओव्हर."

अभिमनच्या पुस्तकी मराठीने इथे मान टाकली. "त्यासले सांगा, गाद्या नव्या शेतस. ढेकूण धुळाना व्हतीन."

आबांनी हेही सांगितलं. भटू नानाही त्याच घडणीचे. आयुष्यभर जळक्या मोटारीतून तारेचे जितके वेढे निघाले तितकेच वेढे घालून दिलेले. त्यांनी यादवभाऊंना जसंच्या तसं सांगितलं आणि उत्तर जसंच्या तसं आणलं.

"यादवभाऊ म्हणतात, ढेकूण आमचे असतील तर आम्ही आमचे ढेकूण घेऊन जातो. ओव्हर."

उखर्डूच्या पायांनी हे अंतर कापायला दुपारचा दीड वाजला असता, आणि तोवर भुकेने सगळे मऊ पडले असते. इथे सहा मिनिटं लागली. शिवाय उखर्डूबरोबर शिवी पाठवली तरी टेकडी चढेपर्यंत तिचा जोर जायचा. इथे ती निघाली तशी, वाफेसकट, समोरच्याच्या कानात पडत होती.

आबांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण हात सवयीने चालत होता. प्रत्येक बोलण्याची नोंद ते वहीत करत होते. 'अकरा चौतीस. ढेकूण. आवाज उत्तम.'

"आबा," भटू नानांचा आवाज आता जरा बारीक झाला होता, "यादवभाऊंनी टेम्पोवाल्याला गाडी काढायला सांगितलंय. हे निरोप म्हणून नाही, मी माझं सांगतोय. ओव्हर."

अभिमनने डोक्याचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. "त्यासले सांगा," तो म्हणाला आणि पुढे काय सांगायचं ते शोधू लागला. आतल्या खोलीत नवरी मुलगी हळद लागलेल्या हातांनी दाराची कडी धरून उभी होती. आबांनी तिला पाहिलं. चार वर्षांची असताना ती त्यांच्या मांडीवर बसून टेबलावर कट्ट-कडकट्ट करायची.

अभिमनला शब्द सापडला. तो काय होता ते इथे लिहिता येणार नाही. आबांनी बटणावर अंगठा ठेवला, पण अंगठा दाबला जाईना. आणि तेवढ्यात सेटमधली बारीकशी घरघर बंद झाली.

"नाना? नाना, ओव्हर."

काही नाही.

"सांगं का?" अभिमनने विचारलं.

"सांगता येत नाही. वरची बॅटरी गेली."

लोकांनी टेकडीकडे माना वळवल्या. प्रमिलाबाई अक्षतांचं ताट खाली ठेवत हळूच म्हणाल्या, "चला. खांब मोकळा झाला."

आबांकडे एक जादा बॅटरी होती. उन्हाने ती तापू नये म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बॅटरी तिच्यात ठेवली, टोपी दोन्ही हातांत धरली आणि उन्हाळ्याच्या ऐन दुपारी, सत्तरीला टेकलेला तो माणूस उघड्या डोक्याने टेकडी चढू लागला. बॅटरी बसवायची आणि ढेकणांबद्दल स्वतःच्या तोंडाने यादवभाऊंची माफी मागायची, एवढंच त्याच्या मनात होतं. तो निरोप तिसऱ्याचा नव्हता. नियमात बसत होता.

वर पोचेपर्यंत त्यांना एकाच्या दोन टाक्या दिसू लागल्या होत्या. टाकीच्या सावलीत सेट ओल्या गमछ्यात नीट गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्या शेजारी त्याची बॅटरी. भरलेली, धडधाकट, खटका दाबून काढलेली. उखर्डू नव्हता.

आबा त्या बॅटरीकडे पाहत उभे राहिले. आणि तेव्हा त्यांना पलीकडच्या उतारावरून ताशाचा आवाज आला. वऱ्हाडाने धुळ्याहून हौसेने आणलेला एकुलता ताशा. मागे घोड्यावर नवरदेव, पुढे यादवभाऊ, बाजूला कानाला मुका सेट लावून भटू नाना, आणि सगळ्यांच्या पुढे उघड्या खांद्याचा उखर्डू.

यादवभाऊंनी वर पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर, उन्हात, मुलीचा मोठा चुलता उघड्या डोक्याने उभा. घामाने भिजलेला, धाप लागलेली, आणि टोपी दोन्ही हातांत पुढे धरलेली. खान्देशात वधूपक्षाच्या वडीलधाऱ्याने टोपी हातात घेऊन समोर यावं याचा अर्थ एकच होतो, आणि तो सांगायला कुठल्या पट्ट्याची गरज लागत नाही.

यादवभाऊ धावतच वर आले. "आबा, अहो हे काय. टोपी हातात? आम्हाला लाजवता का. ढेकूण कुणाच्या घरी नसतात?"

आबांनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षांची सवय होती. या टोपीत बॅटरी आहे, एवढंच वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं, खरं, नेमकं, एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. तेवढ्यात त्यांच्या पायावर उखर्डूचा पाय पडला.

"आबा दमनात," उखर्डू यादवभाऊंना म्हणाला. "त्यासले बोलता येत नही. तुम्हीच समजी ल्या."

आणि आबांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा हाती आलेला मजकूर त्यांनी पुढे पाठवला नाही.

यादवभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी आबांच्या हातून घेतली आणि आत न पाहता, मोठ्या मानाने, आबांच्या डोक्यावर ठेवली. बॅटरीसकट. मग दोघे हातात हात घालून टेकडी उतरले. आबा मान ताठ ठेवून चालत होते. बघणारे म्हणाले, काय रुबाब आहे माणसाचा.

खाली मांडवात अभिमनने पाहिलं की वऱ्हाड आपण होऊन येतंय. ना मूळ गेलं, ना बँड हलला. त्याने फेटा पुन्हा बांधला. "उना ना आपेआप," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि व्याह्यांना मिठी मारायला पुढे गेला. यादवभाऊ समजत होते की मूळ टेकडी चढून आलं. अभिमन समजत होता की व्याही न बोलावता आले. दोघेही जिंकले होते आणि दोघांनाही दुसऱ्याची दया येत होती. लग्न बारा पस्तीसला लागलं. भटजींच्या घड्याळात बारा पस्तीस होतेच, आणि ते बराच वेळ होते.

वरण-बट्टीच्या पंगतीत आबा उखर्डूशेजारी बसले. टोपी अजून काढता येत नव्हती, कारण समोर यादवभाऊ होते.

"खटका दाबलास," आबा हळूच म्हणाले.

"हा, मीच दाबा. माकडं उनी नहीत, मंग म्हनं आपलंच काम करू."

"जानोशावर काय सांगितलंस?"

"सांगं, आबा स्वतः मूळ लईसन टेकडी चढी राह्यनात."

"तेव्हा मी मांडवात होतो."

"डबा बंद पडना म्हंजे तुम्ही येशातच. हाई माले मालूम व्हतं."

"आणि टोपी?"

"टोपी मी नही सांगी." उखर्डूने बट्टी कुस्करली, तिच्यावर तूप ओतून घेतलं. "आबा, तुमना डबा चांगला शे. पन तो सगळं खरं बोलस. लगीनमा असा मानूस चालत नही. मी बी आठेनं ऐकस नि तठे सांगस. फक्त मधमा टेकडी ऱ्हास, तिच्यावर जरा थंड करी लेस."

आबांनी बट्टी पुढे सरकवली. त्यांना जेवण जाईना. हा माणूस चाळीस वर्षं एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्या पट्ट्यावर बोलत होता, बिनापरवाना.

आखाजीच्या दोन दिवस आधी केबलवाला शिडी घेऊन आला. प्रमिलाबाई ओट्यावर सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होत्या. आबा समोर उभे राहिले, कबुली द्यायला.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "सेट चालू होता तोवर लग्न मोडत होतं. बंद पडल्यावर लागलं. तेव्हा उपयोग झाला असं मला लिहिता येत नाही."

"तुमच्या टोपीत काय होतं ते मला त्याच दिवशी कळलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "वाकून नमस्कार करताना तुम्ही टोपी धरत होतात. चाळीस वर्षांत कधी धरली नाही."

आबांचा हात आपोआप टोपीकडे गेला.

"यादवभाऊंना सांगितलंत?"

"नाही."

"अभिमनला?"

"नाही."

प्रमिलाबाईंनी चाळणी आपटली, रव्यातला कचरा बाहेर फेकला. मग केबलवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, चहा घ्या, पण शिडी घेऊन जा. खांब रिकामा नाही. त्या डब्यापायी यांना एक गोष्ट पोटात ठेवता आली. आता अजून काय काय येतं ते बघते."

लेकींनी आखाजीला शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही पाहिला आणि तीन दिवस वडिलांना टोमणे मारले.

आखाजीनंतरच्या सोमवारी उखर्डू बोरखेड्याहून एसटीने आला. "माले बी लायसन लागस," तो म्हणाला. तेव्हापासून दर सोमवारी तो खांबाखाली पाटी घेऊन बसतो आणि आबा टेबलावर कट्ट-कडकट्ट करून त्याला शिकवतात. चौथी शिकलेला माणूस, पण कान तयार. दोन महिन्यांत सगळी अक्षरं ओळखू लागला. परीक्षा इंग्रजीत असते हे आबांनी त्याला अजून सांगितलेलं नाही. गोष्टी पोटात ठेवणं त्यांना जमू लागलं आहे.

अडचण एकच. परवा आबांनी वाजवलं, 'आई आजारी लवकर ये'. उखर्डूने मान डोलावत ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'आई बरी शे. तरी ये.'

आबांनी पाटीवर खडूने मोठी फुली मारली. "मजकूर बदलायचा नाही, उखर्डू. कितीदा सांगू."

चहा घेऊन आलेल्या प्रमिलाबाईंनी फुलीखालचं वाचलं, पाटी पदराने हलकेच पुसली, फक्त फुलीपुरती, आणि पहिला कप उखर्डूला दिला.